कागद टिकला, फाइल अडकली

2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाले आणि मराठवाड्यात उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची एकदम आठवण झाली. निजामकाळातली दफ्तरे उघडली. कागद पिवळे, कडा झिजलेल्या. पण लिपी जाणणारा माणूस समोर बसला की नोंद वाचता येत होती. 1948 च्या आधीचा मजकूर असा आजही हाती लागतो. मात्र आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या उर्दू शाळेने वीस वर्षांपूर्वी काढलेल्या वार्षिक अंकाची फाइल आज उघडून दाखवा म्हटले, तर बहुतेक ठिकाणी हात वर होतील. मला ही गोष्ट गंभीर वाटते.

या फाइली मुख्यतः दोन सॉफ्टवेअरमधल्या आहेत. उर्दूसाठी इनपेज, मराठीसाठी पेजमेकर. कराचीच्या मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीबरोबर काम करून 1981 मध्ये नूरी नस्तालीक कॉम्प्युटरवर आणला, आणि नव्वदच्या दशकात दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरच्या इनपेजमुळे तो गावोगावच्या डीटीपी सेंटरपर्यंत पोहोचला. कातिबांच्या हातातला बोरू सुटला तो तेव्हा. मराठीत पेजमेकर आणि सोबत श्रीलिपी किंवा आकृतीचे फॉन्ट, ही जोडी चालली. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, 7.0, ही 2001 ची. त्यानंतर कंपनीने लक्ष इनडिझाइनकडे वळवले. आपले लोक मात्र पेजमेकरवरच राहिले, कारण काम होत होते.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला आणि शाळा, प्रेस, पतसंस्था सगळीकडे कॉम्प्युटर बदलणे सुरू झाले. नव्या मशीनवर जुने सॉफ्टवेअर टाकले की ते उघडते आणि लगेच बंद पडते, किंवा मुळात बसतच नाही. त्यामागे ठरावीक कारणे आहेत. विंडोज 11 फक्त 64 बिटचे आहे. त्यावर 16 बिटचे जुने प्रोग्रॅम चालत नाहीत. जुन्या सॉफ्टवेअरचे लॉक प्रिंटरच्या रुंद पोर्टला लागत असे. आता तो पोर्टच नसतो. जुने प्रोग्रॅम स्वतःच्या फोल्डरमध्ये सेटिंग लिहितात. नवे विंडोज त्यांना तिथे लिहू देत नाही.

म्हणून आधी काही साध्या गोष्टी करून पाहाव्यात. प्रोग्रॅमच्या चिन्हावर राइट क्लिक करून कम्पॅटिबिलिटीमध्ये जुने विंडोज निवडावे आणि तो अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावा. प्रोग्रॅम नेहमीच्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये न टाकता वेगळ्या फोल्डरमध्ये टाकावा. पेजमेकर पानाची मांडणी प्रिंटरला विचारून करतो, त्यामुळे डिफॉल्ट प्रिंटर निवडलेला आहे ना ते पाहावे. शेकडो फॉन्ट एकदम टाकू नयेत. एक बिघडलेला फॉन्टसुद्धा सॉफ्टवेअर बंद पाडतो. थोडे थोडे टाकले की दोषी कोण ते कळते. तरीही जमले नाही तर नव्या मशीनच्या आत जुने 32 बिट विंडोज चालवणारे व्हर्च्युअल मशीन तयार करता येते. त्याला इंटरनेट जोडू नये. आणि हे सगळे होईपर्यंत जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा नाही. फाइली आणि फॉन्ट दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी झाल्यावरच त्याला निरोप द्यावा.

लॉक तोडलेली प्रत वापरणाऱ्यांची अडचण आणखी मोठी. त्यांना कंपनीकडे मदत मागायला तोंड नसते. दुसऱ्याच्या मेहनतीचा हक्क मारून चालवलेले काम असेच मध्येच सोडून देते.

पण समजा, सॉफ्टवेअर सुरू झाले. प्रश्न सुटला का? माझ्या मते नाही, फक्त पुढच्या मशीनपर्यंत ढकलला गेला. खरा दोष मजकूर साठवण्याच्या पद्धतीत आहे. जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी चित्रे बसवलेली असतात. फॉन्ट गेला की ‘शाळा’ या शब्दाच्या जागी इंग्रजी कचरा उरतो. पीडीएफ केली तर पान छान दिसते, पण त्यात शब्द शोधा किंवा कॉपी करा, तोच कचरा हाती येतो. जुन्या इनपेजचीही स्वतःची सांकेतिक पद्धत आहे, दुसऱ्या सॉफ्टवेअरला ती कळत नाही.

यावरचा उपाय युनिकोड. 1991 पासून त्यात देवनागरीलाही जागा आहे आणि अरबी-उर्दू लिपीलाही. इनपेजच्या पुढच्या आवृत्त्या आणि काही कन्व्हर्टर जुना मजकूर युनिकोडमध्ये काढून देतात. श्रीलिपी, आकृतीसाठीही कन्व्हर्टर आहेत. नस्तालीक दिसावा म्हणून नोटो नस्तालीक उर्दूसारखा फॉन्ट फुकट मिळतो.

कन्व्हर्टरवर डोळे झाकून विसंबू नये मात्र. जुन्या मराठी फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होत असे, युनिकोडमध्ये ती नंतर येते. वेलांटी आणि रफार हमखास चुकतात. उर्दूत अलिफ, दाल, रे, वाव ही अक्षरे पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत, म्हणून टाइप करणारे त्यांच्यानंतर स्पेस देत नसत. पानावर शब्द वेगळे दिसायचे. युनिकोडमध्ये दोन शब्द चिकटून एक होतात. ही दुरुस्ती भाषा येणारा माणूसच करू शकतो.

आणि तो माणूस आपल्याकडे आहे. नववी-दहावीच्या वर्गात एका मुलाने छापील अंक मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने पडद्यावरचा मजकूर तपासावा. वाचनाचा सराव होईल, शुद्धलेखन होईल आणि अंकही वाचेल. उर्दू शाळांनी उर्दू अंक घ्यावेत, मराठी शाळांनी मराठी. दोन्ही भाषांचे दुखणे एकच आहे, तर औषधही एकमेकांना सांगत राहू.

कुणी म्हणेल, शाळेच्या अंकात आणि जलशाच्या स्मरणिकेत जपण्यासारखे असते तरी काय? निजामाच्या तलाठ्यालाही वाटले नसेल की त्याने लिहिलेली एक ओळ शंभर वर्षांनी कुणाच्या लेकराचा दाखला ठरेल. कशाचे मोल होईल ते आपण आज ठरवू शकत नाही. स्मरणिकेत मदरशासाठी जमीन देणाऱ्याचे नाव असते, पहिल्या शिकलेल्या मुलींची यादी असते, गावातल्या शायराची एकमेव छापलेली गझल असते. ही पुढच्या पिढीची अमानत आहे. या उन्हाळी सुट्टीत प्रत्येक शाळेने, मशिदीच्या कमिटीने आणि वाचनालयाने निदान एक जुनी फाइल युनिकोडमध्ये आणावी. ती टाइप करणारे डीटीपीवाले भाई अजून हयात आहेत, तोवर.