गुसलखान्यातले काळे डाग



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवार होता, मी वह्या तपासत बसले होते. शेजारच्या खालांच्या घरातून जोरजोरात खोकल्याचा आवाज आला आणि त्यांची सून दुपट्टा तोंडाला लावून धावतच बाहेर आली. शॉवरखालच्या टाइल्सच्या सांध्यांत काळे डाग पडले होते. ते निघेनात म्हणून तिने आधी ब्लिचिंग पावडर टाकली आणि वरून फेरीवाल्याकडचे ऍसिड ओतले. छोटी खोली, खिडकी नाही, दार लोटलेले. दोन्हींचा संयोग होऊन क्लोरीन वायू निघाला. मोकळ्या हवेत बसवल्यावर आणि डोळे पाण्याने धुतल्यावर तासाभरात ती सावरली. अल्हम्दुलिल्लाह, थोडक्यात निभावले. तरी दम लागत राहिला असता तर दवाखान्यातच न्यावे लागले असते.

म्हणून भगिनींनो, बाकी सारे विसरलात तरी चालेल, पण ब्लीच आणि ऍसिड कधीही एकत्र करू नका. संडास साफ करायच्या बाटलीतही बहुधा ऍसिडच असते. व्हिनेगरसुद्धा ब्लीचबरोबर चालत नाही, अमोनिया असलेले काचा पुसायचे द्रावणही नाही. आज एक वापरले तर दुसरे दुसऱ्या दिवशी, आणि मध्ये भरपूर पाण्याने धुऊन.

खालांना दुसरीच भीती होती. "बेटी, ही तीच काळी बुरशी का, जिने लोकांचे डोळे गेले?" २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर आपल्या नागपुरात म्युकरमायकोसिसचे रुग्ण आले, तेव्हापासून हा शब्द ऐकला की माणूस दचकतो. पण ती बुरशी वेगळ्या कुळातली. त्या आजारात काळे पडते ते मेलेले मांस, म्हणून ते नाव पडले. मधुमेह हाताबाहेर गेलेल्या, स्टिरॉइड चाललेल्या रुग्णांना तिचा धोका जास्त. टाइल्सवर दिसते ती साधी ओलीतली बुरशी. मात्र साधी म्हणून ती राहू द्यावी असेही नाही. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत खोकला आणि दम्याचा त्रास जास्त आढळतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच सांगितले आहे. माझ्या वर्गातली एक मुलगी जुलै लागला की आठवड्यातून दोन दिवस गैरहजर. तिच्या घरी गेले तेव्हा पलंगामागची भिंत पाहिली. तिच्या पलीकडे गुसलखाना होता.

आपल्या शहराचे हवामानही विचित्र. मे महिन्यात ४५ अंशांत टाइल्स क्षणात कोरड्या होतात, डाग फिके पडतात, आणि आपल्याला वाटते गेली बला. ती गेलेली नसते. जून सरता सरता हवा दमट झाली की त्याच सांध्यांतून पुन्हा वर येते. तिला पाणी हवे आणि खायला काहीतरी. साबणाचा थर, केसांचे तेल, अंगाचा मळ एवढे तिला पुरते. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा खार बसला की हा मळ आणखी घट्ट धरून राहतो. त्यात आपल्या घरी पाच वेळा वुजू, त्याशिवाय सगळ्यांच्या आंघोळी. मोमिनपुऱ्यासारख्या दाट वस्तीत भिंतीला भिंत लागलेली, खिडकी काढायला जागाच नाही. फरशी वाळणार कधी?

इथे इंग्लंडमधली एक गोष्ट सांगते. रॉचडेल शहरात सुदानहून आलेल्या एका मुस्लिम कुटुंबाचा दोन वर्षांचा मुलगा, अवाब इशाक, डिसेंबर २०२० मध्ये वारला. भाड्याच्या घरातली बुरशी बराच काळ श्वासातून गेल्याने हे झाले, असा निकाल २०२२ मध्ये चौकशीत लागला. वडिलांनी तक्रार केली तेव्हा त्यांना रंग मारून घ्यायला सांगितले होते. वर, हे लोक धार्मिक रीतीने स्नान करतात म्हणून ओल येते, असाही समज करून घेतला गेला. चौकशीत दिसले ते असे की घरात हवा खेळायची सोयच अपुरी होती. पुढे २०२३ मध्ये तिथे कायद्यात बदल झाला, त्याला अवाबचेच नाव आहे. आपल्याकडेही घरमालक चुना मारून देतो आणि भाडेकरू गप्प बसतो.

आता साफसफाई. डाग कोरडे खरवडू नका, बुरशीचे बीज हवेत उडते. नाकातोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, दार उघडे. आधी कपड्यांच्या साबणाच्या पाण्याने ब्रश मारून मळ काढा आणि धुऊन घ्या. मग एक लिटर पाण्यात चार मोठे चमचे, म्हणजे साधारण ६० मिली, घरगुती द्रव ब्लीच मिसळून सांध्यांना लावा, दहा-पंधरा मिनिटे ठेवा, धुवा. कपडे जुने घाला, रंग उडतो. घरात दमेकरी असेल तर त्याला तेवढा वेळ बाहेर पाठवा, आणि हे काम त्याने स्वतः मुळीच करू नये. कडेच्या सिलिकॉनच्या पट्टीत काळे आतपर्यंत गेले असेल तर घासण्यात अर्थ नाही, ती कापून नवी भरून घ्यावी. फेरीवाल्याचे ऍसिड तर मी घरातच येऊ देत नाही. ते टाइल्समधले सिमेंट खाते, सांधे खडबडीत होतात, आणि पुढच्या पावसात बुरशी तिथेच घट्ट बसते.

शॉवरच्या जाळीला खार आला असेल तर पिशवीत व्हिनेगर भरून रात्रभर बांधून ठेवा. अर्थात ब्लीचच्या दिवशी नाही.

एवढे करूनही एकाच जागी डाग परत परत येत असेल तर भिंतीतला पाइप किंवा वरची टाकी पाझरते आहे का ते प्लंबरला दाखवा. सप्टेंबर २०२३ च्या पुरात ज्यांच्या घरांत पाणी शिरले, त्यांना हे वेगळे सांगायला नको. भिंत आतून वाळल्याशिवाय रंग टिकत नाही.

आमच्याकडे शेवटी एक छोटा एक्झॉस्ट पंखा बसवला. शेवटची आंघोळ झाली की वायपरने पाणी ओढायचे, बादली-मग पालथे घालायचे, पंखा अर्धा तास चालू ठेवायचा. पाणी ओढायचे काम मुलाकडे दिले आहे. तो कुरकुरतो. अब्बा मात्र खूश आहेत, फजरच्या वुजूला जाताना आता पाय घसरत नाही म्हणतात. खालांच्या सुनेनेही दाराच्या वर जाळी काढून घेतली. ऍसिडची उरलेली बाटली अजून त्यांच्या मोरीखाली आहे, ती काढा म्हणून मी दोनदा सांगून आले.