नेमणुकांचे मानवशास्त्र

मानवसमाजांच्या चालीरीती, नातेव्यवस्था आणि श्रद्धा यांचा अभ्यास करणाऱ्या मानवशास्त्राचा इतिहास सहसा ग्रंथांच्या आणि सिद्धांतांच्या क्रमाने सांगितला जातो. त्या ग्रंथकारांना विद्यापीठात जागा कोणी दिली आणि कोणाला नाकारली, हा भाग मात्र तळटीपेत जातो. कोलंबिया विद्यापीठातील विभागाचे शिल्पकार फ्रान्झ बोआस १९३६ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा रूथ बेनेडिक्ट याच त्यांच्या स्वाभाविक उत्तराधिकारी आहेत, असे त्यांच्या बहुतेक शिष्यांना वाटत होते. प्रशासनाने १९३७ मध्ये राल्फ लिंटन यांना बाहेरून आणले आणि विभागाची सूत्रे पुढे त्यांच्याकडे गेली. बोआस यांची राजकीय सक्रियता प्रशासनाला खुपत होती, आणि बेनेडिक्ट तर त्यांच्याच परंपरेतील, शिवाय स्त्री.

लिंटन यांची विद्वत्ता उसनी नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे. जन्माने पदरी पडणारा ‘अर्पित दर्जा’ आणि कर्तृत्वाने मिळवलेला ‘अर्जित दर्जा’ हा आजही समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवला जाणारा भेद त्यांनी १९३६ मध्येच मांडला होता. त्याची प्रचीती विभागातच यावी, हा योगायोग मासलेवाईक म्हटला पाहिजे. अर्थात सगळा दोष प्रशासनाच्या माथी मारून चालणार नाही, कारण बेनेडिक्ट यांचा भार उचलायला पती समर्थ आहे, असे गृहीत धरून खुद्द बोआस यांनीही त्यांना अनेक वर्षे अल्प वेतनाच्या, दरवर्षी नव्याने कराव्या लागणाऱ्या नेमणुकांवर ठेवले आणि सहायक प्राध्यापकपद मिळाले ते त्या पतीपासून विभक्त झाल्यावर, १९३१ मध्ये.

याच विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी भारतातील जातींच्या उत्पत्तीवरील निबंध वाचला. ते गोल्डनवायझरही तेथे कनिष्ठ पदावरच राहिले आणि १९१९ मध्ये बाहेर पडले.

निवडीची कारणे लेखी नोंदवण्याचे आणि ती उमेदवारांना दाखवण्याचे बंधन नसेल, तर गुणवत्ता हा शब्द निवड समितीच्या सोयीचा राहतो. ते बंधन विद्यापीठांनी स्वतःवर घालून घ्यावे, आणि मानवशास्त्राच्या अभ्यासक्रमात सिद्धांतांबरोबर नेमणुकांच्या जुन्या दप्तरांनाही स्थान द्यावे. बेनेडिक्ट यांना पूर्ण प्राध्यापकपद मिळाले ते १९४८ च्या जुलैत. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले.