खणलेल्या रस्त्याचे देणे

मुंबईच्या पोटातून कफ परेडपासून आरेपर्यंत जाणाऱ्या मेट्रो-३ ह्या भुयारी रेल्वेचा अखेरचा टप्पा ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते खुला झाला. साडेतेहतीस किलोमीटरचा मार्ग, सत्तावीस स्थानके, त्यांपैकी सव्वीस जमिनीखाली. आरंभी ह्या कामाचा खर्च २३,१३६ कोटी रुपये धरलेला होता. काम पुरे होईतो तो ३७,२७६ कोटींवर गेला. ह्या रकमेत सिमेंट आहे, पोलाद आहे, भुयार खोदणारी सतरा अजस्र यंत्रे आहेत, सल्लागारांची फी आहे. एक बाब मात्र तीत नाही. ज्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे पत्रे उभे राहिले, त्या रस्त्यांवर पोट असलेल्या माणसांची बुडालेली रोजी कोणत्याही अंदाजपत्रकात मांडली गेली नाही. ती ज्याची त्याने सोसली.

अकोल्याच्या जठारपेठेत उद्या भुयारी रेल्वे धावेल असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा हा मुंबईकरांचा प्रश्न आहे, त्याच्याशी वऱ्हाडातल्या कार्यकर्त्याला काय करावयाचे, असे मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु भुयार रेल्वेचे असो की गटाराचे, रस्ता खणला जातो तो एकाच रीतीने, आणि भुर्दंड पडतो तो एकाच वर्गावर. मुंबईत जे मोठ्या अक्षरांत लिहिले गेले, ते लहान अक्षरांत प्रत्येक शहरात लिहिले जात आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे प्राप्त आहे. समाजवादी चळवळीचा सार्वजनिक वाहतुकीला विरोध असण्याचे कारण नाही. मोटारवाल्यांसाठी समुद्र बुजवून रस्ते काढण्यापेक्षा लाखो माणसांना वाहून नेणारी रेल्वे केव्हाही इष्ट. ह्या मेट्रोचे तिकीट दहा रुपयांपासून सत्तर रुपयांपर्यंत आहे, उपनगरी रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या मानाने ते पुष्कळच महाग आहे, आणि ती बांधली जात असतानाच बेस्टच्या स्वमालकीच्या गाड्या घटत गेल्या, ह्या गोष्टींवर स्वतंत्रपणे भांडावे लागेल. पण भुयार खणूच नये, ही भूमिका कोणाची नाही. मागणी एवढीच आहे की, खणण्याची किंमत ज्याने फायदा घेतला त्याने द्यावी.

'भुयारी' ह्या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. यंत्र वीस-पंचवीस मीटर खाली काम करते, मग वरच्या रस्त्याला त्रास कसला? भुयारापुरते हे खरेही आहे. परंतु स्थानक म्हणजे भुयार नव्हे. दोन-अडीचशे मीटर लांबीचे स्थानक बांधायचे तर बहुतेक ठिकाणी रस्ताच वरून उघडावा लागतो. त्याआधी त्याच्या पोटातील जलवाहिन्या, मलवाहिन्या, विजेच्या व दूरध्वनीच्या तारा बाजूला घ्याव्या लागतात, आणि जुन्या शहरात ह्या वाहिन्या नेमक्या कोठे आहेत ते नकाशालाही ठाऊक नसते. मग कडेने काँक्रीटचे खांब जमिनीत उतरवायचे, मधली माती उपसायची, रात्रीच्या रात्री डंपर भरून ती शहराबाहेर न्यायची. काही ठिकाणी खड्ड्यावर लोखंडी फळ्यांचे छत घालून वाहतूक त्यावरून काढतात. मोटार त्यावरून जाते. हातगाडी तेथे उभी राहू शकत नाही. काळबादेवी-गिरगावसारख्या अरुंद भागांत तर विवर घेऊन त्यातून आडवे शिरत स्थानके कोरावी लागली. असे एकेक काम पाच-सहा वर्षे चालते. तेवढ्या काळात बसचा थांबा हलतो, गिऱ्हाइकाची वाट बदलते, आणि वाट एकदा बदललेले गिऱ्हाईक पत्रे काढल्यावर परत येतेच असे नाही.

हा अनुभव नवा नाही. लंडनमध्ये जगातील पहिली भुयारी रेल्वे १८६३ साली सुरू झाली. तीही रस्ता उघडून, खणून, पुन्हा झाकून बांधलेली. तिच्यासाठी फ्लीट नदीच्या खोऱ्यातील गरिबांच्या वस्त्या उठविल्या गेल्या. आठवड्याच्या भाड्याने राहणाऱ्यांना भरपाईचा हक्क नव्हता, म्हणून त्यांना काहीच मिळाले नाही, घरमालकांना मिळाले. आपल्या देशात कलकत्त्याच्या मेट्रोची कोनशिला डिसेंबर १९७२ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते बसली आणि एस्प्लनेड ते भवानीपूर हा पहिला साडेतीन किलोमीटरांचाही नसलेला तुकडा ऑक्टोबर १९८४ मध्ये चालू झाला. दमदमपासून टॉलीगंजपर्यंतचा संपूर्ण मार्ग पुरा व्हायला १९९५ साल उजाडले. एक पिढी खड्ड्याच्या काठाने चालत मोठी झाली. त्याच शहरात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी दुसऱ्या मार्गाचे यंत्र बोऊबाजारखाली पाण्याच्या झऱ्यात शिरले आणि वरची जुनी घरे कोसळली. कुटुंबांना हॉटेलांत हलविण्यात आले. ती वस्ती सोनारकामाची. कारागिराच्या भट्टीला हॉटेलात जागा मिळत नाही.

मुंबईत गिरगाव-काळबादेवीच्या रहिवाशांनी चांगला लढा दिला. चाळी पाडण्याची वेळ आली तेव्हा माणसे रस्त्यावर आली, निरनिराळ्या पक्षांना त्यांच्या मागे उभे राहावे लागले, आणि त्यांचे पुनर्वसन त्याच परिसरात करण्याचे शासनाला मान्य करावे लागले. हे यश लहान नव्हे. मात्र ते मिळाले कशाच्या बळावर, हेही पाहिले पाहिजे. पागडीची का होईना, भाडेपावती त्यांच्या हाती होती. ज्याच्या हाती पावती नव्हती, त्या चाळीच्या तोंडाशी भाजी विकणारीचे, सायकल दुरुस्त करणाऱ्याचे, दुकानातील नोकराचे आणि पेढीवरच्या हमालाचे नाव कोणत्याही यादीत चढले नाही. कफ परेडच्या रहिवाशांना रात्रीच्या कामाचा आवाज असह्य झाला तेव्हा त्यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि २०१७ मध्ये न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा काम बंद ठेवविले. ही मनाई पुढच्या वर्षी अटी घालून उठविण्यात आली. झोपेचा हक्क मागणाऱ्यांचे काही चुकले नाही. पण झोपेची दाद लागते आणि भाकरीची लागत नाही, ह्यात कायद्याचे शील दिसते.

कायदा काय म्हणतो? २०१३ च्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंब' ह्या संज्ञेची व्याप्ती बरीच वाढविली गेली. संपादित क्षेत्रात तीन वर्षे राबून ज्याची मुख्य उपजीविका चालत होती, असा शेतमजूर, कूळ किंवा कारागीरही तीत येतो. १८९४ च्या कायद्याच्या मानाने ही मोठीच झेप. परंतु ह्या साऱ्याचा पाया 'संपादन' हा आहे. रस्ता सरकारचाच, त्याभोवती पत्रे लावले तर काहीच संपादन झालेले नसते. म्हणजे शेत घेतले तर मजूर बाधित, आणि सहा वर्षे बाजाराचा रस्ता घेतला तर कोणीच बाधित नाही! पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली स्वतंत्र कायदा झाला. त्यात दर पाच वर्षांनी पाहणी, विक्री प्रमाणपत्र, नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के विक्रेते आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया, हलविण्यापूर्वी तीस दिवसांची नोटीस अशा चांगल्या तरतुदी आहेत. जेथे पाहणीच लांबणीवर टाकली जाते तेथे ह्या तरतुदी कागदावर निजतात, हा भाग वेगळा. शिवाय हा कायदा दुसरी जागा देण्याविषयी बोलतो. मधल्या बुडालेल्या दिवसांविषयी तो मुका आहे.

महाराष्ट्राला हा विचार परका वाटू नये. ह्याच राज्याने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, आणि काम न दिल्यास बेकारभत्ता, हे त्याचे सूत्र होते. वऱ्हाडातील मजुराने त्या हमीवर बंधारे बांधले, पाझर तलाव खणले. खेड्यातील माणसाला काम देता आले नाही तर शासन त्याचे देणे लागते, हे तत्त्व एकदा मान्य केल्यावर, शहरातील माणसाच्या हातचे चालू काम शासनानेच काढून घेतले तर देणे लागत नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणता येईल?

पैशाची सबबही टिकणारी नाही. बांधकामाच्या खर्चावर किमान शेकडा एक उपकर घेऊन तो बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी राखून ठेवण्याचा कायदा १९९६ साली झाला, आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो उपकर कायम आहे. तसाच शेकडा एक रस्त्यावर पोट असणाऱ्यांसाठी का नसावा? मेट्रो-३ च्या संपूर्ण खर्चाचे सोडाच, केवळ वाढलेला खर्च घेतला तरी तो १४,१४० कोटी होतो. त्याचा शंभरावा हिस्सा एकशे एक्केचाळीस कोटी. माणशी एक लाख रुपये धरले तर चौदा हजार माणसांना पुरतील एवढे. भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेत, लॉस एंजेलिस शहरात, मेट्रोच्या कामामुळे धंदा बसलेल्या लहान दुकानदारांना वर्षाला पन्नास हजार डॉलरपर्यंत मदत देणारा निधी आहे. पॅरिसमध्ये अशा नुकसानीचे दावे तडजोडीने मिटविण्यासाठी समिती बसते. तेथे नुकसान हिशेबाच्या वह्यांवरून ठरते. येथे हातगाडीवाल्याची वही म्हणजे त्याचा खिसा. म्हणून शासनाने स्वतःच ठरविलेले किमान वेतन हेच माप धरावे. खोटे दावे येतील, ही नोकरशाहीची ठरलेली हरकत. कंत्राटदारांच्या वाढीव बिलांच्या बाबतीत ती इतक्या तत्परतेने सुचत असती तर खर्च तेवीस हजारांवरून सदतीस हजार कोटींवर जाताना काहीतरी अडले असते.

२६ मे २०२५ च्या पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले, तेव्हा फलाटावरील चिखलाची छायाचित्रे देशभर झळकली. वर रस्त्यावर वर्षानुवर्षे तोच चिखल तुडविणाऱ्यांची छायाचित्रे कोणी काढली नव्हती. अत्र्यांची लेखणी आज असती तर त्यांनी आपल्या नावाच्या स्थानकालाही सोडले नसते.

पुण्यात जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग कसबा पेठ, मंडईखालून जाऊन सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला, आणि स्वारगेट ते कात्रज ह्या पुढच्या साडेपाच किलोमीटरांच्या भुयाराला केंद्राने त्याआधीच मंजुरी दिलेली आहे. ठाणे-बोरिवली बोगदा आहेच. खोदकामाचे हे पर्व संपलेले नसून पसरत आहे.

आता जठारपेठेकडे वळावे. अमृत योजनेतून अकोल्यात नव्या जलवाहिन्यांची आणि भुयारी गटारांची कामे हाती घेण्यात आली. ती आवश्यकच होती. मोर्णेत सांडपाणी सोडत राहणे हा काही शहाणपणा नव्हे. परंतु येथील जमीन काळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीत चर खणून नळ टाकल्यावर मुरूम थरांनी भरून, पाणी मारून, रोलर फिरवून दाबला नाही, आणि उपसलेली तीच माती फावड्याने लोटून दिली, तर पहिल्या पावसात चर खचतो, रिक्षाचे चाक रुतते, आणि रस्ता दुसऱ्यांदा खणावा लागतो. दुसऱ्या खोदकामाचे बिल निघते, दुकानासमोरची दुसरी मंदी मात्र बिलाविना जाते. मुंबईत हा काळ वर्षांत मोजतात, अकोल्यात महिन्यांत. ज्याचे भांडवल उधारीच्या टोपलीभर मालाचे आहे त्याला तीन महिनेही पुरेसे असतात. त्यानंतर सावकार असतो.

कार्यकर्त्यांनी ह्यासाठी मुंबईच्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. कोठल्याही रस्त्याच्या कामाचा कार्यादेश निघाल्याचे कळताच, पत्रे लागण्यापूर्वी, त्या रस्त्यावरच्या प्रत्येक हातगाडीची, पाटीवालीची, चांभाराची, दुकानातील नोकराची आणि ऑटोच्या थांब्याची यादी जागेवर जाऊन करावी. ती स्थानिक विक्रेत्यांच्या सह्या-अंगठ्यांनिशी महानगरपालिकेच्या आयुक्तांकडे व नगर पथविक्रेता समितीकडे द्यावी आणि पोच घ्यावी. कामाची मुदत, कंत्राटदाराचे नाव व चर भरण्याची पद्धत ह्यांचा फलक मराठीत जागेवर लावण्याची मागणी त्याच अर्जात घालावी. मुदत उलटल्यास कंत्राटदाराला होणारा दंड पालिकेच्या तिजोरीत न जाता ह्या यादीतील माणसांना मिळावा, असा ठराव सभागृहात मांडण्यास आपापल्या प्रभागाच्या नगरसेवकाला भाग पाडावे. यादीची एक प्रत पक्षाच्या कचेरीत राहू द्यावी. पत्रे लागल्यानंतर त्या रस्त्यावर कोण बसत होते हे सांगणारा दुसरा कागद सापडत नाही.