दाभणाची बाजू

घरच्या घरी पुस्तकं बांधायचं मशीन घ्यावं की घेऊ नये, याबद्दल माझं मत कुणी विचारलेलं नाही. म्हणूनच ते सविस्तर द्यायची चांगली सोय आहे. घेऊ नये.

इतकं रोखठोक लिहिलं की माणूस जुनाट ठरतो. ठरू दे. आमचं मांजरसुंबा पडलं चौरस्त्यावरचं गाव. धुळे-सोलापूर रस्त्याने जाणारा इथे चहाला थांबतो, पाटोद्याकडून आलेला इथे गाडी बदलतो, केज-अंबाजोगाईकडे निघालेला इथे जेवून घेतो. जाताना प्रत्येक जण थोडं शहाणपण टेबलावर ठेवून जातो. बशा हॉटेलवाला उचलतो, शहाणपण मात्र आमच्या गळ्यात राहतं. हे मशीनही तसंच आलं. शेजारच्या वहिनी बचत गटासाठी हाताने वह्या आणि फोटोंचे अल्बम करतात. जुन्या साड्यांचे काठ लावून इतक्या देखण्या करतात, की विकत घेणारा त्यात लिहायला धजत नाही. त्यांचा पुण्याचा भाचा दोन गाड्यांच्या मधल्या वेळात आला, मोबाइलवर एक फिल्म दाखवली आणि म्हणाला, "मावशी, दाभणानं टोचत कुठवर बसणार? दांडा ओढला की पुस्तक तयार!"

किंमत साडेपाच हजार. गटातून कर्ज काढायचं असं ठरत आलं आहे. शिवाय, मशीन येतंच आहे तर गटाच्या हिशेबाच्या आणि ठरावांच्या वह्याही यापुढे त्याच्यावरच करायच्या, असा बेत आहे. शेजारी कर्ज काढत असला की आपल्याला बोलायचा हक्क पोचतो, कारण हप्त्याच्या दिवशी हातउसने मागायला माणूस शेजारीच येतो.

आधी हे यंत्र करतं काय ते पाहू. दांडा ओढला की पुस्तक तयार होत नाही, भोकं तयार होतात. ए-फोर कागदाच्या कडेला एकवीस भोकं. घरगुती यंत्र एका वेळी दहा-बारा कागदांपलीकडे घेत नाही, जास्त कोंबले तर दात खातं. म्हणजे शंभर कागदांच्या वहीसाठी निदान नऊ-दहा वेळा दांडा ओढा, मग त्या भोकांत प्लॅस्टिकचा कंगवा अडकवा. कंगवे वहीच्या जाडीप्रमाणे वेगवेगळे. घरात सहा मिलिमीटरचे पंचवीस पडलेले असतात आणि वही नेमकी बारा मिलिमीटरची होते. दुसरी जात गरम डिंकाच्या मशीनची. तो डिंक दीडशे अंशांच्या आसपास वितळवून पानांच्या पाठीला लावतात. थंडीत तो कडक होतो आणि उन्हात मऊ पडतो. आता बीड जिल्ह्यात मे महिना कसा असतो हे मी बीडकरांना सांगायला नको. असं पुस्तक जरा पाठीवर उताणं उघडलं, की पानं लग्नातल्या पाहुण्यांसारखी एकेक करून निरोप घेतात.

हिशेबही करून टाकू. आमचा झेरॉक्सवाला एका स्पायरलचे पन्नास रुपये घेतो. साडेपाच हजारांत एकशे दहा वह्या होतील. वहिनी महिन्याला सहा वह्या करतात, म्हणजे नुसती किंमत फिटायला दीड वर्ष लागेल. त्यात व्याज, कंगवे आणि भाच्याचा चहा धरलेला नाही.

उलट दाभणाचा पसारा बघा. एक दाभण, दोन सुया, जाड दोरा, दोऱ्यावर ओढायला मेणबत्तीचा तुकडा आणि मैद्याची खळ. खळीत चिमूटभर मोरचूद टाकला की कसर आणि झुरळं दूर राहतात, फक्त पोरांचे हातही दूर ठेवायचे, कारण मोरचूद विषारी. चार कागद एकत्र दुमडले की आठ पानांची एक घडी होते. घडीच्या मोडीवर तीन भोकं. मधल्या भोकातून सुई बाहेर, वरच्यातून आत, आतल्या आत खाली येऊन खालच्यातून बाहेर आणि पुन्हा मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घ्या आणि गाठ मारा. झाली वही. अशा अनेक घड्या एकमेकींना शिवत गेलं की त्याला आमच्या भागातले जुने बाइंडर जुजबंदी म्हणतात. त्याची वही टेबलावर सपाट उघडते, आणि दोरा तुटला तर दुसरा घालता येतो. प्लॅस्टिकचा कंगवा तुटला तर तो फेकावा लागतो.

आणखी एक गोष्ट कुठलंच यंत्र सांगत नाही. कापडाला जसा ताणाबाणा, तशी कागदालाही तंतूंची एक दिशा असते. कागदाचा तुकडा एका बाजूने ओला करा, तो सुरळीसारखा वळेल. ती सुरळी ज्या दिशेने आडवी पडते, ती तंतूंची दिशा. घडी तिच्या बाजूनेच घालायची, नाहीतर वही पावसाळ्यात पापडासारखी वाकडी होते. यंत्राला काय, कसाही कागद द्या, ते भोकं पाडून मोकळं.

तसं पाहिलं तर मराठी घरात बांधणी मुद्दाम शिकवावी लागत नसे. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं काढायची, दाभणाने टोचायची आणि नव्या विषयाची वही करायची, हे प्रत्येक आईला येत होतं. बालभारतीने २०२३-२४ साली पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं घातली, तेव्हा ही विद्या सरकारजमा झाली असं मला वाटलं होतं. पण २०२५ साली ती पानं बंद करायचं ठरलं. पुस्तक ते पुस्तक आणि वही ती वही.

आता मुद्द्याचं. ऊसतोडीला जाणाऱ्या जिल्ह्यात वहीची बांधणी हा नुसता हौसेचा विषय नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. त्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती कुठल्यातरी वहीत लिहिलेली असते. कुणी किती घेतली आणि किती फिटली, हे हंगाम संपल्यावर ज्या पानावरून ठरतं, ते पान जागेवर असलं पाहिजे. शिवलेल्या घडीतलं पान फाडलं, की त्याचं जोडीदार पान, घडीच्या दुसऱ्या अंगाचं, ढिलं होऊन बाहेर डोकावतं. चोरी स्वतःच बोभाटा करते. कंगव्याच्या वहीत कंगवा उघडा, पान काढा, दुसरं घाला, कंगवा मिटा, ब्रह्मदेवालाही कळणार नाही. भाच्याने हाच मशीनचा मोठा गुण म्हणून सांगितला होता, "मावशी, पान केव्हाही बदलता येतं." फोटोंच्या अल्बमात बदला बापडे. पण वीस बायकांचे शंभर-शंभर रुपये ज्या वहीत लिहिले आहेत, तिच्यातलं पान बदलता येणं हा गुण असेल, तर तो नेमका कुणाच्या उपयोगाचा?

"मग आपल्या पोथ्या कुठं शिवलेल्या असतात?" असं कुणी विचारील, आणि विचारावंच. आमच्या जवळच कपिलधारला मन्मथ स्वामींची समाधी. त्यांच्या 'परमरहस्या'ची किंवा कुठल्याही ग्रंथाची जुन्या चालीची पोथी घ्या, पानं सुटीच. पण ती पाटावर ठेवून, एकेक पान उलटं मांडत, एकाने वाचायची असते. वाचून झालं की रुमालात बांधली जाते. तिची बांधणी तो रुमालच. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. दासोपंत १५५१ ते १६१५ या काळातले. त्यांनी सुमारे चाळीस फूट लांब कापडावरच 'पंचीकरण' लिहून टाकलं, त्यामुळे बाइंडरचा प्रश्नच मिटला. आणि तिकडे इजिप्तमध्ये नाग हम्मादीला १९४५ साली चौथ्या शतकातली हस्तलिखितं सापडली. बहुतेक एकाच जाड घडीची, मोडीवर टाचलेली, चामड्याच्या वेष्टणातली. सोळाशे वर्षं ती वाळवंटात राहिली. म्हणजे लिहिलेलं जसं वापरायचं तसं ते बांधावं, हे सगळ्यांना कळत होतं. दुकानात मशीन आहे म्हणून वही त्याच्या मापाची करणं, ही आमची प्रगती.

न्यायाने बोलायचं तर काहींनी मशीन जरूर घ्यावं. शिकवणीवाल्यांना दर आठवड्याला शंभर मुलांच्या नोट्स बांधायच्या असतात, त्यांनी घ्यावं. भिंतीवरचं कॅलेंडर करणाऱ्याने तारेचं घ्यावं, कारण त्याचं पान पूर्ण मागे वळलं पाहिजे. महिन्याला पन्नास वह्यांची पक्की मागणी हातात असेल त्याने घ्यावं, आणि शक्यतो दोन-तीन गटांनी मिळून घ्यावं. पण मशीन आणलं की मागणी येईल, हे पाळणा आणला की मूल होईल म्हणण्यासारखं आहे.

वहिनींचं उत्तर मात्र भाच्यापेक्षा वजनदार होतं. "सर, तुमचं समदं खरं, पण बोटं दुखतात माझी." हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. सुईने भोकं पाडत बसलं की बोटं दुखणारच. म्हणून पुठ्ठ्याच्या पट्टीवर मापं आखून घ्यावीत, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर घडी ठेवावी आणि सगळी भोकं आधी दाभणाने पाडावीत. मग सुईला जोर लागत नाही. बोटात शिंप्याचं अंगुस्तान घालावं. फोटोंनी अल्बम फुगतो म्हणून कंगवा हवा, असंही त्या म्हणाल्या. दोन पानांच्या मध्ये मोडीपाशी जाड कागदाच्या अरुंद पट्ट्या शिवा, फोटोंना जागा होते.

तरीही अल्बमसाठी मशीन घ्यायचंच असेल तर घ्या, हप्ते तुमचे, साडीचे काठ तुमचे. पण गटाची हिशेबाची वही त्या मशीनवर बांधू नका. ती शिवा, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत आकडे घाला, आणि पानं किती ते शेवटच्या पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. दाभण माझ्याकडे आहे, ते फुकट नेलं तरी चालेल. मैदा घरात असतोच. वाचलेल्या पैशांचा कागद घ्या, आणि तो मात्र चांगला घ्या, शाई न फुटणारा.