कोंबडी मेली की पाल्यालाच दोष का?



पाऊस सुरू झाला की माझ्या फोनवर पानांचे फोटो येतात, खाली एकच प्रश्न: "हे कोंबड्यांना चालेल का?" कारण सगळ्यांना माहीत आहे. राब वर आला की कोंबड्या शिरून रोपं उकरतात, मग लावणी होईपर्यंत त्यांना डालून ठेवावं लागतं. मोकळी फिरणारी गावठी कोंबडी चोच मारून बघते आणि नको ते बहुतेक वेळा सोडून देते. खुराड्यात उपाशी असलेली मात्र पुढ्यात पडेल ते खाते. म्हणजे या दिवसांत तिच्या पोटात काय जातं ते आपल्या हातात असतं.

आधी पाल्याचं सांगतो. शेवग्याचा पाला बिनधास्त द्या. वाळलेल्या पाल्यात साधारण 25 टक्के प्रथिनं असतात आणि मुठीभर पाल्याला पैसे पडत नाहीत. माठ, मुळ्याचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या, पुदिना, तुळस, भोपळ्याचा गर आणि बिया, सगळं चालतं. झेंडूच्या पाकळ्या घातल्या तर बलक छान पिवळा होतो. सुबाभूळ थोडाच, रोज नको.

कच्चं अळू नको, आपल्याला खाजतं तसंच त्यांनाही. हिरवा पडलेला बटाटा आणि त्याची सालं नकोत. कण्हेर (पिवळी धरून), धोतरा, घाणेरी, एरंडाच्या बिया खुराड्याजवळही नकोत. टाकळ्याचं वेगळं आहे. कोवळी भाजी आपण आवडीने खातो, पण पावसाळा संपताना शेंगा वाळून जे बी पडतं ते कोंबड्यांना बाधतं, वाढ खुंटते. वालाचंही तसंच. आपल्याकडे भातानंतर कडवे वाल घरोघरी होतात, पाखडताना फुटके वाल कोंबड्यांपुढे टाकायची सवय आहे. कच्च्या वालात पचन अडवणारे घटक असतात. शिजवून द्या, मग हरकत नाही.

हे झालं. पण माझं मत स्पष्ट सांगतो, काही काकांना पटणार नाही: आपल्याकडे कोंबड्या पाल्याने फारशा मरत नाहीत. फोटो पानाचा येतो, पण चार प्रश्न विचारले की दुसरंच निघतं.

पहिलं, पेरून उरलेलं बियाणं. पिशवीतलं रंगीत दिसणारं बी औषध लावलेलं असतं. थायरम लावलेलं बी खाल्लं तर पिल्लांचे पाय अधू होतात, अंडी मऊ कवचाची पडतात. धुऊन दिलं तरी चालत नाही, पुरून टाका. दुसरं, उंदरांसाठी पिठात कालवलेलं झिंक फॉस्फाइड. ते जिथे ठेवता तिथे कोंबडी जाते का, एवढं बघा. तिसरं, बुरशी. आपल्या पावसात मका आणि शेंगदाण्याची पेंड आठ दिवसांत वास मारायला लागते. 1960 साली इंग्लंडात बुरशी आलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे एक लाखाच्या वर टर्की पक्षी मेले, त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळलं. "कोंबड्यांना काय होतंय" म्हणून काळी पडलेली भाकरी टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि सुकटीचा चुरा टाकताना मिठाचा विचार करा, जास्त मीठ पक्ष्यांना झेपत नाही.

आता मुख्य मुद्दा. एका वाडीत चार दिवसांत पाच-पंचवीस कोंबड्या गेल्या, हिरवट पातळ विष्ठा, मान वाकडी, पंख पडलेले, तर तो पाला नाही. ती राणीखेतची मर असण्याची शक्यता जास्त. त्यावर औषध नाही, फक्त लस आहे: पिल्लू आठवड्याचं होताना लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात आणि साधारण आठ आठवड्यांनी आर टू बीचं इंजेक्शन. आपण देत का नाही? कुपी 100 मात्रांची, घरात कोंबड्या आठ. एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवायची. एकट्याला ते परवडत नाही, ही अडचण खरी आहे, आळस म्हणून चालणार नाही.

म्हणून माझं म्हणणं, वाडीने मिळून एक दिवस ठरवावा. दहा-बारा घरांच्या कोंबड्या संध्याकाळी डालल्या की एका कुपीत काम होतं. घरचे अंड्यांचे पैसे बहुतेक ताईंच्याच हातात असतात, तेव्हा बचत गटांनी पुढाकार घेतला तर लवकर होईल असं मला वाटतं. आजारी पक्ष्यांना लस देऊ नका, मेलेले ओढ्यात टाकू नका, चुना घालून खोल पुरा.

ज्या वाडीत 80 च्या वर पक्षी जमतील त्यांनी वाडीचं नाव आणि आकडा याच नंबरवर पाठवा. लस बर्फात घालून आणायची व्यवस्था करायला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मी बोलतो. पानांचे फोटोही पाठवत राहा, फक्त सोबत खुराड्याचा आणि खाद्याच्या पिशवीचा एक फोटो जोडा.