आधी ठराव रद्द करा, मग पडदा लावा

एक मे शुक्रवारी आला आणि तीन दिवसांची सुट्टी सलग मिळाली. ऑफिसात आठवडाभर एकच प्रश्न फिरत होता : कुठे? कुणी अलिबाग, कुणी महाबळेश्वर, कुणी सिल्वासा. मी "घरीच" म्हणाले तेव्हा दोघीतिघींनी माझ्या तब्येतीची चौकशी केली. ओळीने जुने चित्रपट बघणार आहे असं सांगितल्यावर चेहरे निवळले. जुने चित्रपट म्हणजे निरुपद्रवी गोष्ट. त्यांची कुणाला भीती वाटत नाही.

वाटायला हवी, असं माझं म्हणणं आहे. एकेकटा पाहिलेला जुना चित्रपट गोड लागतो. सहा एकापाठोपाठ पाहिले की ते साक्ष द्यायला लागतात, आणि ती साक्ष आपल्याविरुद्ध असते.

आधी घरी राहण्याबद्दल. मीरा रोड ते चर्चगेट हे अंतर सुमारे ४० किलोमीटर. दाराला कुलूप लावल्यापासून ऑफिसच्या खुर्चीत टेकेपर्यंत माझे पावणेदोन तास जातात, येताना तेवढेच. म्हणजे ज्या घराचे हप्ते मी पंधरा वर्षं फेडले, ते घर मी मुख्यतः दिव्याच्या उजेडातच पाहिलं आहे. दुपारी तीन वाजता हॉलमध्ये ऊन कुठल्या लादीपर्यंत येतं, हे मला या सुट्टीत कळलं. असं घर सोडून काशिमीऱ्याच्या नाक्यावर महामार्गाच्या कोंडीत दोन तास काढायचे आणि दुसऱ्याच्या खोलीचं दिवसाचं भाडं भरायचं, याला लोक विश्रांती म्हणतात. म्हणोत बापडे.

तर चित्रपट. पहिले दोन सहज लावले, मग सूत्र सापडलं आणि पुढचे ठरवून लावले. 'श्री ४२०' (१९५५), 'बीवी और मकान' (१९६६), 'मुंबईचा जावई' (१९७०), 'पिया का घर' (१९७२), 'घरौंदा' (१९७७) आणि 'अशी ही बनवाबनवी' (१९८८). रोज दोन. सूत्र एकच : जागा.

'श्री ४२०' आपल्याला गाण्यांसाठी आठवतो. पण त्यातली सर्वांत मोठी फसवणूक कशाची आहे? शंभर रुपयांत 'जनता घर'. फुटपाथवर झोपणारी माणसं पैपैसा साठवून आणतात, कारण त्यांना दागिने नकोत, छप्पर हवंय. हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'मध्ये जागेसाठी पुरुषांना बायका व्हावं लागतं. राजा ठाकूरांच्या 'मुंबईचा जावई'मध्ये नव्या नवरीला सासर मिळतं, पण नवऱ्याशी दोन शब्द बोलायला कोपरा मिळत नाही. त्याच गोष्टीचा बासू चटर्जींनी दोन वर्षांत हिंदीत 'पिया का घर' केला. भीमसेन यांच्या 'घरौंदा'मध्ये तर हसायलाही जागा ठेवलेली नाही. दोघं एका ऑफिसात काम करतात, पोटाला चिमटा काढून फ्लॅटचे पैसे भरतात, आणि पैसे बुडतात. मग तो तिला सुचवतो, की तू आपल्या आजारी साहेबाशी लग्न कर, तो काही फार दिवसांचा सोबती नाही. अमोल पालेकरांच्या त्या सभ्य चेहऱ्याने हे ऐकताना अंगावर काटा येतो. आणि शेवटी 'बनवाबनवी'. तो सांगायची गरज नाही. मराठी माणसाला तो पाठ आहे.

एकेक चित्रपट पाहताना शेवटाकडे लक्ष जातं. कुटुंबाचं प्रेम जिंकतं, गैरसमज मिटतात, लग्नं जुळतात. सलग पाहताना मात्र दिसतं, की शेवट कसाही होवो, खोली तेवढीच राहते. पटकथेने माणसं मोठ्या मनाची केली, कारण भिंती सरकवणं तिच्या हातात नव्हतं.

आणि आपण मात्र त्यातून निष्कर्ष काढला, की तेव्हा घरं लहान होती पण मनं मोठी होती. हे वाक्य वर्षातून चाळीस वेळा माझ्या मोबाइलवर येतं, बहुधा चाळीच्या गॅलरीच्या चित्रासकट. ते लिहिणारा त्या लहान घरात रात्री कुठे झोपत होता, हे विचारायला हवं. लालबागला आमची खोली दहा बाय बारा होती आणि माणसं सात. वडील बारा महिने गॅलरीत झोपायचे, पावसाळ्यात ताडपत्री बांधून. १९९१ साली आम्ही मीरा रोडला शांतीनगरात आलो. तेव्हा इथे पाण्याचे टँकर यायचे, आणि जिना चढताना हातात हंडा असायचा. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं होतं, "चाळीची आठवण येत असेल ना हो?" आई म्हणाली, "संडास घरात आहे." चाळीच्या माणुसकीबद्दल मी अनेक लेख वाचले आहेत. एवढा नेमका एकही नाही.

ही टंचाई आभाळातून पडलेली नव्हती. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीला बांधली. युद्धाच्या आणि फाळणीच्या काळात ते गरजेचंच होतं. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा २००० सालापर्यंत टिकला. ज्यांच्याकडे खोली होती ते वाचले. मालकांनी दुरुस्ती सोडली, भाड्याने द्यायची घरं बांधणं जवळपास थांबलं, आणि रिकामी खोली पागडीशिवाय मिळेना. १९७३ साली कायदा बदलून त्या १ फेब्रुवारीला राहत असलेल्या लायसेन्सवाल्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. त्याचाही परिणाम तोच. आतले सुरक्षित झाले, आणि पुढच्या माणसाला घर देताना मालक दहादा विचार करू लागला. १९७६चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा मोकळी जमीन घरांसाठी मिळवायला आला, आणि सवलतींच्या कलमांतून जमीन निसटत राहिली. मालकीच्या फ्लॅटचा कायदा १९६३चा. घरटंचाईमुळे बांधकाम व्यवसायात गैरप्रकार बोकाळले आहेत, अशी कबुली त्याच्या प्रस्तावनेतच आहे. 'घरौंदा' आला तेव्हा तो कायदा चौदा वर्षांचा झाला होता.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट दिसते. प्रत्येक व्यवस्थेने आत असलेल्याला सांभाळलं. दाराबाहेर उभा होता त्याचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. आमचे हे सहा चित्रपट त्या दाराबाहेरच्या माणसाचे आहेत.

दाराबाहेरचे ते लोक पुढे गेले कुठे? इथे आले. मीरा-भाईंदर हा त्या चित्रपटांचा पुढचा भाग आहे. मिठागरं, भातशेती आणि आगरी-कोळी-ख्रिस्ती गावं असलेल्या या पट्ट्यात १९८५ साली नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. १९९१च्या जनगणनेत इथली लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती, २०११मध्ये आठ लाखांच्या वर गेली. वीस वर्षांत एवढी माणसं कुठे हवापालट करायला येत नाहीत. दहिसर नाक्याच्या अलीकडे परवडेना म्हणून ती पलीकडे आली. गिरगाव-लालबागची मराठी माणसं आली, भुलेश्वरचे गुजराती-मारवाडी आले, डोंगरी-जोगेश्वरीचे मुसलमान आले, उत्तर प्रदेशातले आले. 'मुंबईचा जावई' जसाच्या तसा हिंदीत गेला आणि 'बीवी और मकान'ची कल्पना बावीस वर्षांनी मराठीत आली, ती उगीच नाही. जागेच्या गोष्टीला भाषांतर लागत नव्हतं. आणि बावीस वर्षांनंतरही तो विनोद शिळा झाला नव्हता, ही सरकारच्या कामगिरीवरची सर्वांत कडक टीका मला वाटते.

२०२५च्या जुलैत मीरा रोड देशभर गाजलं ते भाषेवरून. मोर्चे निघाले. मराठीचा आग्रह मलाही मान्य आहे, महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकावी. पण कोण काय बोलतो यावर रस्त्यावर उतरलेले आम्ही सगळे इथे कुठून आणि का ढकलले गेलो, यावर आजवर एकही मोर्चा मी पाहिलेला नाही.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला बसले.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, गुरुवारी, आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीची बैठक होती. मी कार्यकारिणीत आहे. पुण्याला गेलेल्या एका सभासदाला त्याचा फ्लॅट तीन मुलींना भाड्याने द्यायचा होता. तिघी जवळच्या रुग्णालयात परिचारिका. एक सिंधुदुर्गातली, दोघी लातूरकडच्या. कागदपत्रं पूर्ण होती. हरकत अशी, की त्यांच्या रात्रपाळ्या असतात, रात्री-अपरात्री येणं-जाणं होणार, आणि "एकट्या मुली" म्हणजे उद्या काही झालं तर? ठराव मांडला गेला : यापुढे फ्लॅट फक्त कुटुंबालाच. त्या बैठकीत भाषेवरून एकही भांडण झालं नाही. मराठी, गुजराती, हिंदी, तुळू, सगळे हात एकदम वर गेले. माझाही गेला. उशीर झाला होता, घरी कुकर लावायचा होता, आणि सुट्टी सुरू होणार होती.

रविवारी रात्री 'बनवाबनवी' लावला. सरपोतदार चौघांना बाहेर काढतो आणि लीलाबाई काळभोर सांगतात, की जागा फक्त जोडप्यांनाच. मी आजवर हा चित्रपट पंधरावीस वेळा पाहिला असेल. दरवेळी मी धनंजय माने होते. या वेळी मध्येच लक्षात आलं, की मी लीलाबाई आहे. किंबहुना तिच्याहून वाईट. ती म्हातारी, मोठ्या घरात एकटी, तिला भीती वाटणं समजू शकतं. आम्ही साठ फ्लॅट, दोन वॉचमन आणि आठ कॅमेरे. आम्हाला तीन नर्सची भीती वाटते.

"सुरक्षिततेचा प्रश्न आहे," असं मला सांगितलं जाईल. भाडेकरूची पोलिसांकडे नोंद होते, करार नोंदणीकृत असतो, आणि गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत भाडेकरू विवाहित असावा अशी अट नाही. करोनाच्या वेळी याच कार्यकारिणीने याच पेशाच्या लोकांसाठी गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या होत्या. थाळी वाजवायला जागा द्यावी लागत नाही.

दुसरा आक्षेप रसिकांचा : चित्रपट विरंगुळ्यासाठी असतो, त्यात एवढं काय शोधायचं? मी विरंगुळ्याच्या विरोधात नाही. मी पोट धरून हसले आहे, पुढेही हसेन. माझा राग हसण्याच्या सोयीवर आहे. पडद्यावर आपण बाहेरच्याच्या बाजूने असतो, कारण तिकडे आपलं दार वाजत नाही. चित्रपट संपतो, आपण "काय काळ होता" म्हणतो आणि कडी लावतो. तो काळ गेलेला नाही. फक्त आपण कडीच्या दुसऱ्या बाजूला आलो आहोत. माझ्या वडिलांना दाराबाहेर काढलेली पस्तीस वर्षं मला गोड आठवणी म्हणून पाठवली जातात, आणि तिघींना दाराबाहेर ठेवणाऱ्या ठरावावर माझा हात असतो. या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत, आणि त्या एकत्र बसत नाहीत हे कळायला मला तीन दिवस घरी बसावं लागलं.

सोमवारी सकाळी सेक्रेटरींना पत्र दिलं : माझं मत विरोधात नोंदवावं आणि ठराव फेरविचारासाठी घ्यावा. ते म्हणाले, "ताई, इतिवृत्त लिहून झालंय." मी म्हटलं, मग पुढच्या इतिवृत्तात लिहा. त्या मुलींनी तोवर भाईंदरला कुठेतरी बघितलं, असं फ्लॅटमालकाने फोनवर सांगितलं. मिळालं की नाही, त्याला माहीत नव्हतं.

आमच्याकडे गणपतीत एका संध्याकाळी आवारात पडदा लावून चित्रपट दाखवतात. यंदाच्या यादीत बहुमताने 'अशी ही बनवाबनवी' पहिला आहे. माझा विरोध नाही, एक अट आहे. आधी ठराव रद्द करा, मग पडदा लावा. नाहीतर दुसरा कुठला तरी चित्रपट निवडा. ज्यांनी गुरुवारी हात वर केले, त्यांना त्या चौघांबरोबर हसायचा हक्क नाही. मलाही नाही.