भंगारात घालण्याआधी बोर्ड उघडून तर बघूया!

शिरूर अनंतपाळहून लातूर-निलंग्याला गेलं, की नव्वदच्या दशकात आपल्यातल्या कितीतरी पोरांचे पाय व्हिडिओ गेमच्या दुकानाकडे वळायचे. मुठीत रुपयाचं नाणं, डोळे पडद्यावर. १९९३ साली आलेल्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ला आपण सरळ ‘मुस्तफा’च म्हणायचो!

ती दुकानं बंद झाली, लाकडी खोकी मोडली. आतला गेमचा सर्किट बोर्ड मात्र अजून कुणाच्या तरी माळ्यावर पोत्यात पडून असेल. उद्या तो किलोच्या भावाने भंगारात जाईल. त्यातलं शिसं मातीत जाईल, ते वेगळंच.

बोर्डाहून मोठी काळजी आहे ती दुरुस्त करणाऱ्या हातांची. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे आपले जुने मेकॅनिक नुसत्या मल्टिमीटरवर बिघाड हुडकतात. त्यांच्या हाताखाली शिकणारी पोरं आता कमी होत चालली आहेत, कारण आज काही बिघडलं की अख्खा बोर्डच बदलतात. जुन्या गेमच्या बोर्डावर आयसी सुट्या, मोठ्या आणि पाय उघडे असलेल्या असतात. इलेक्ट्रॉनिक्स गिरवायला याहून चांगली पाटी कुठे मिळणार? इथे बसलेला हात उद्या इन्व्हर्टर आणि मोटारीचा स्टार्टरही दुरुस्त करेल.

पुष्कळदा बिघाड साधाच निघतो. पाच व्होल्टचा पुरवठा कमी पडला, तर गेम सुरूच होत नाही किंवा सारखा रिसेट होतो. कुठे कॅपॅसिटर फुगलेला असतो, कुठे आयसीचे पाय गंजलेले, कुठे सोल्डर तडकलेलं.

दोन गोष्टी मात्र जपूया. काही आयसींवर काचेची छोटी खिडकी असते आणि तिच्यावर स्टिकर. तो काढू नका. उन्हातल्या अतिनील किरणांनी आतला गेम हळूहळू पुसला जातो. दुसरी गोष्ट बॅटरीची. साध्या बोर्डावरची गळकी बॅटरी तांब्याच्या रेषा खाते, म्हणून ती काढावीच लागते. ‘मुस्तफा’च्या मूळ बोर्डावर मात्र बॅटरी संपली किंवा काढली, की गेम उघडणारी गुप्त किल्लीच पुसली जाते. म्हणून आधी जाणकाराला दाखवा. आणि किल्ली पुसली गेलीच असेल, तरी हताश होऊ नका. असे बोर्ड पुन्हा चालू करण्याची रीत जगभरच्या हौशी मंडळींनी शोधून काढली आहे.

हे काम एकट्यादुकट्याचं नाही, पण आपल्या आवाक्यातलं नक्कीच आहे. ज्यांनी कधीकाळी गेमचं दुकान चालवलं, त्यांनी माळा तपासावा. मेकॅनिककाकांनी आठवड्यातला एक तास पोरांना द्यावा. आयटीआयच्या आणि लातूरच्या पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनाच्या शिक्षकांनी असा एखादा बोर्ड सरावाला घ्यावा, त्यातल्या आयसीमधल्या गेमची प्रत काढून जपावी.

चला, या रविवारी पोती सोडूया. बोर्ड सापडला की थेट मेकॅनिककाकांचं दुकान गाठूया. आणि जाताना घरातल्या एखाद्या पोरीला, पोराला सोबत न्यायला विसरू नका. सोल्डरिंग गन आता त्यांच्या हातात द्यायची आहे!